भाऊ खोलीतून बाहेर येत नाही आणि डॉक्टरचं नावही काढू देत नाही, काय करावं?

प्रश्न एका मोठ्या बहिणीचा आहे. भाऊ २८ वर्षांचा. पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून काही वर्षं एमपीएससीचा अभ्यास करत होता. मुख्य परीक्षेत नाव आलं नाही, तेव्हा बार्शी तालुक्यातल्या गावी परत आला. त्याला आता दोन महिने झाले. खोलीतून बाहेर येत नाही, रात्रभर मोबाईल, पहाटे टक्क जागा, मित्रांचे फोन उचलत नाही. विचारलं तर "मला काही झालेलं नाही", पुन्हा विचारलं तर अंगावर धावून येतो. आईच्या मते बाहेरचं काहीतरी आहे, वडिलांच्या मते लग्न लावून दिलं की ताळ्यावर येईल. बहीण चिंचवडला सासरी. तिला विचारायचंय की त्याला डॉक्टरकडे न्यायचं कसं, न्यायचं कुठे, गोळ्यांची सवय लागते का, आणि उद्या नोकरी लागली तर हे रेकॉर्डवर येईल का.

पहिल्यांदा एक काम, आणि ते आजच. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल. भावाला एकटं गाठा आणि सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का रे कधी? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि ती खोटी आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो हे मी ओपीडीत रोज बघते. "नाही" म्हणाला तर ठीक, पण आठवड्याभराने पुन्हा विचारा. "हो" म्हणाला, किंवा नुसता गप्प राहिला आणि डोळे भरून आले, तर त्याला एकटं ठेवू नका. शेतातली फवारणीची औषधं घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात गेली पाहिजेत. कपाटाला कुलूप पुरत नाही, किल्ली कुठे असते हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या. तोवर १४४१६ वर फोन लावा. ही टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. त्याने काही करून घेतलंच असेल तर विचार करत न बसता १०८. अशा वेळी पोलीस केस होईल म्हणून लोक दोन-दोन तास घरीच मिठाचं पाणी पाजत बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते. दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, जबाब होतो, एवढंच. त्या भीतीपायी वेळ घालवू नका.

आता मूळ प्रश्न. हे नैराश्य आहे की नुसती निराशा? तुम्ही लिहिलेलं वाचून निदान करणं योग्य नाही आणि मी ते करणारही नाही. पण कशाकडे बघायचं ते सांगते. परीक्षेत अपयश आल्यावर कोणीही खचतो. मध्येच परीक्षेची पद्धतच बदलली, वस्तुनिष्ठचं वर्णनात्मक झालं, वय हातातून चाललंय, बरोबरचे पोस्ट घेऊन बसलेत, तर खचायलाच हवं. मात्र खचलेला माणूस मॅच लागली की डोकावतो, लाडका मामा आला की तासभर हसतो, आवडीची भाजी असली की एक भाकरी जास्त खातो. नैराश्यात हे होत नाही. आनंदाची गोष्ट समोर आली तरी आत काही हलत नाही. पहाटे तीन-चारला जाग येणं, सकाळ सगळ्यात वाईट जाणं आणि संध्याकाळी जरा बरं वाटणं हेही त्याचं नेहमीचं लक्षण. आणि तरुण मुलगा रडत नाही, तो चिडतो. डोकं जड आहे म्हणतो, पित्त झालंय म्हणतो, अंघोळ टाळतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ असं चाललं असेल तर तपासून घ्यायला हवं. तुमच्याकडे दोन महिने झालेत. म्हणजे थांबून बघण्याचा काळ सरला.

आणखी तीन गोष्टी शोधून ठेवा, डॉक्टर त्या विचारणारच. पुण्यात असताना दारू, गांजा किंवा झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या का. कानात आवाज येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं काही तो बोलतो का, कारण तसं असेल तर महिनाभरही थांबू नये. आणि तिसरी गोष्ट घरचे हमखास सांगायची विसरतात. आधी कधी असा काळ होता का, की दोन-तीन तास झोपूनही अंगात भलतीच ताकद, बडबड, मोठमोठे बेत, पाण्यासारखा पैसा? तेव्हा घरच्यांना वाटतं पोरगा काय अभ्यासाला लागलाय! पण असा इतिहास असेल तर आजार वेगळा असू शकतो आणि नैराश्याची नेहमीची गोळी एकटी दिली तर उलटू शकते. डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगा.

न्यायचं कसं? "तुला डिप्रेशन आलंय, मनोविकारतज्ज्ञाकडे चल" असं म्हणालात तर तो दार लावून घेईल. आजार आहे की नाही यावर त्याच्याशी वादच घालू नका, तो वाद जिंकून काही मिळत नाही. त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतो तिथून सुरुवात करा. बहुतेक वेळा ती झोप असते. "तीन वाजता उठून बसतोस, डोकं दुखतं म्हणतोस. झोपेचं दाखवून येऊ. पटलं नाही तर पुन्हा नको जाऊस." यात खोटं काही नाही, झोप खरंच बिघडलेली आहे. मात्र "चल, जरा पंढरपूरला जाऊन येऊ" म्हणून गाडीत बसवायचं आणि परस्पर दवाखान्यासमोर उतरवायचं, हे करू नका. एकदा असं फसवलं की पुढची दोन वर्षं तो घरच्यांनी दिलेल्या चहाकडेही संशयाने बघतो.

तेही जमलं नाही तर गावाजवळच्या ओळखीच्या एमबीबीएस डॉक्टरकडे न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. या तिन्हींच्या गडबडीत थकवा आणि मरगळ येते, शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं तर नित्याचं, त्यामुळे तपासणी नुसतं निमित्त नाही. रिपोर्ट हातात आल्यावर तेच डॉक्टर म्हणाले, "रक्तात विशेष काही नाही, एकदा सोलापूरला दाखवून घ्या," तर ते त्याला बहिणीच्या सांगण्यापेक्षा लवकर पटतं. आणि तो अजिबातच तयार नसेल तर तुम्ही एकट्याच डॉक्टरांना भेटा. घरच्या माणसाने येऊन सल्ला घेतलेला चालतो. फक्त पेशंटला न बघता चहातून द्यायच्या गोळ्या मागू नका. मागणारे खूप येतात.

सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तुमच्या गावाहून तेच सोयीचं. तो पुण्याला यायला तयार असेल तर ससून आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचीही बाह्यरुग्ण सेवा आहे. येरवडा म्हटलं की लोक दचकतात, पण तिथे रोज येणाऱ्यांतले कितीतरी जण तपासून, गोळ्या घेऊन दुपारच्या एसटीने घरी जातात. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपरला थोडे पैसे पडतात. खाजगीत गेलात तर फी शहराप्रमाणे बदलते, फोनवर आधी विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पाटी वाचून जा. गोळ्या लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे त्याच विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, पण चाचण्या आणि मानसोपचार करतो, आणि त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. समुपदेशक ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. उत्तम समुपदेशक आहेत, आणि दोन दिवसांचं शिबिर करून लाईफ कोच झालेलेही आहेत. शिक्षण कुठलं, नोंदणी आहे का, असं विचारल्यावर जो रागावतो त्याच्याकडे जाऊ नये. तुमच्या भावाची झोप-भूक गेलेली आहे, तेव्हा आधी मनोविकारतज्ज्ञ, मग त्यांच्या सल्ल्याने बाकीचे.

जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, काय काय, झोप किती, जेवण किती, घराण्यात कुणाला असं झालं होतं का (चुलते, मामा, आजी, सगळे आठवा, "डोक्यावर परिणाम झाला होता" एवढंच ठाऊक असलं तरी लिहा), आधीची औषधं कुठली. सरकारी ओपीडीत डॉक्टरांना दहा मिनिटं मिळतात, तिथे हा कागद फार उपयोगी पडतो. भावाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. खुर्ची ओढून शेजारी बसलात तर तो तुमच्यासमोर काहीच बोलणार नाही.

आता जे लेखांमधून कमी लिहिलं जातं त्यावर येते. "डॉक्टरांना दाखवा" इथे सगळे सल्ले संपतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांच्या बाहेर होते. हा आकडा वाचून वाटतं की लोक दारापर्यंतच पोचत नाहीत. पण माझ्या ओपीडीत दिसतं ते असं, की पोचलेलेही पहिल्या तीन आठवड्यांत गळतात. तुमची खरी गरज तिथे आहे, गाडी करून दवाखान्यात नेण्यापेक्षा जास्त.

काय होतं बघा. डॉक्टर बहुधा दोन गोळ्या देतात. एक मूळ औषध, एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन वगैरे गटातलं, कमी डोसने सुरू करून वाढवलेलं. दुसरी झोपेसाठी आणि अस्वस्थतेसाठी, बरेचदा क्लोनाझेपॅम, थोड्या दिवसांपुरती. मूळ गोळीने पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, थोडी जास्तच बेचैनी होऊ शकते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण यायला सहा ते आठ. पाट सोडला म्हणून पाणी लगेच शेवटच्या वाफ्याला पोचत नाही, तसंच हे. मग घरात काय बोलणं होतं? "आठ दिवस झाले, फरक नाही, उलट पोट बिघडलं." त्यातच मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणतो, "अहो, ही डिप्रेशनची गोळी आहे, कशाला खाता?" झोपेच्या गोळीने मात्र पहिल्याच रात्री झोप लागलेली असते. म्हणून लोक मूळ औषध बंद करतात आणि झोपेची गोळी चालू ठेवतात, नेमकं उलटं! सवय लागते ती त्या दुसऱ्या गोळीची. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम वर्षानुवर्षं, ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेणारे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या सौभाग्यवती मी पुष्कळ बघते. मूळ गोळीची तशी चटक लागत नाही, डोस वाढवत न्यावा असं वाटत नाही. ती एकदम बंद केली तर चक्कर येते, डोक्यात बारीक करंट लागल्यासारखं होतं, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची असते.

तेव्हा "सवय लागेल का" याचं उत्तर: दोन गोळ्यांपैकी कुठली कशासाठी आणि कुठली कधी बंद करायची, हे पहिल्याच भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. गोळ्यांची पाकिटं आईकडे किंवा वडिलांकडे ठेवा आणि रोजची रोज हातात द्या. याला दोन कारणं आहेत. विसर पडत नाही हे एक. दुसरं, सुधारणा एका क्रमाने येते. झोप आणि भूक आधी, मग अंगातली ताकद, मन सगळ्यात शेवटी. म्हणजे मधले काही दिवस असे असतात की हातपाय हलू लागलेत पण मनात काळोख तसाच आहे. घरचे तेव्हा "आता बरा झाला" म्हणून निर्धास्त होतात. त्याच दिवसांत लक्ष जास्त हवं, विशेषतः पंचविशीच्या आसपासच्या मुलांच्या बाबतीत. बेचैनी खूपच वाढली, रात्र-रात्र येरझाऱ्या घालू लागला, किंवा अचानक अति आनंदी झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. आणि बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं असतं. बरं वाटायला लागलं म्हणून सोडलेलं औषध हे पुन्हा आजारी पडून येण्याचं मला ओपीडीत सगळ्यात जास्त दिसणारं कारण आहे.

गोळ्यांबरोबर घरात काय करायचं? थोडंच, पण रोज. सकाळी ठरलेल्या वेळी अंथरूण सोडायचं, झोप लागली असो वा नसो. नऊच्या आत अंघोळ. वडिलांबरोबर मोटर चालू करायला शेतापर्यंत जाऊन यायचं. "मन झालं की करतो" असं तो म्हणेल, पण नैराश्यात मन आधी होत नाही, आधी कृती करावी लागते आणि मन मागून येतं. उपचारातही ही पद्धत वापरतात, नुसतं घरगुती शहाणपण नाही. मोबाईल काढून घेऊ नका, भांडण होईल. रात्री चार्जर दुसऱ्या खोलीत लावा, एवढं जमलं तरी पुष्कळ.

जरा सावरल्यावर बोलून करायचे उपचार घ्यावेत. "मी पास व्हायलाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी" हे वाक्य स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली आणि मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत नेमकी त्या "च"वर काम करते. पास व्हावं ही इच्छा राहू द्यायची, झालंच पाहिजे ही सक्ती सोडवायची. मात्र हे शिकलेल्या माणसाकडून व्हावं. भावाला व्हॉट्सॲपवर प्रेरणादायी व्हिडिओ पाठवणं म्हणजे हा उपचार नव्हे, आणि तुमच्या काकांनी ते पाठवायला सुरुवात केलीच असेल.

परीक्षा पुन्हा द्यायची की सोडायची, शेती करायची की नोकरी, हे पहिले सहा आठवडे कुणी काढायचंच नाही, त्यानेही नाही. या मनःस्थितीत घेतलेला निर्णय पुढे स्वतःलाच पटत नाही. लग्नाचं तर नावच नको. औषध म्हणून लावलेल्या लग्नांत आजार तसाच राहतो आणि एका मुलीला काही न सांगता त्यात ओढलेलं असतं. वडिलांना हे तुमच्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलं तर बरं, तेव्हा दुसऱ्या भेटीला त्यांना बरोबर घेऊन जा. त्यांची भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे.

आईशी भांडू नका. तिला देवाला जायचंय तर जाऊ द्या, अंगारा लावू द्या. माझ्या अनेक पेशंटच्या मनगटावर गंडा असतो आणि खिशात गोळी असते, दोन्ही सुखाने नांदतात. अट एकच, गोळी चुकणार नाही. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं, कोंडणं, किंवा "डॉक्टरचं औषध बंद करा तरच माझं लागू होईल" म्हणणारा माणूस आला, तर तिथे थांबा. भूत उतरवायच्या नावाखाली केलेली मारहाण आणि दवाखान्यात जायला केलेली आडकाठी हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

रेकॉर्डचं. गोळ्या घेतल्या म्हणून कुठल्याही सरकारी यादीत नाव चढत नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे. निवडीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत प्रश्न विचारला गेला तर खरं सांगावं, आणि पोलीस सेवेसारख्या वर्दीच्या पदांचे निकष कडक असतात, हेही माहीत असू द्या. पण आज उपचार न घेता तो परीक्षेलाच बसू शकणार नाही, त्यापुढे हा प्रश्न लांबचा आहे. आरोग्य विम्याचंही तसंच. मानसिक आजाराला इतर आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावं असं कायदा म्हणतो, फॉर्म भरताना काही लपवू नका.

आणि तुमच्याबद्दल, जे तुम्ही विचारलेलं नाही. चिंचवडहून दर शनिवारी गावी पळायचं, सासरी कुणाला सांगायचं नाही, रोज रात्री आईचा रडवेला फोन घ्यायचा, असं महिनोन्‌महिने चालत नाही. नवऱ्याला तरी खरं सांगा. गावातला एखादा चुलतभाऊ किंवा त्याचा शाळेतला मित्र धरा, जो त्याला पारावर बसवेल आणि परीक्षेबद्दल एक अक्षर काढणार नाही. आईच्या फोनची वेळ ठरवून घ्या, तातडीचं सोडून बाकी सगळं त्या वेळेला. १४४१६ हा नंबर आजारी माणसाइतकाच त्याला सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. आणि तुमची स्वतःची झोप दोन आठवडे सलग बिघडली, तर भावाच्या पुढच्या तारखेला तुमच्याही नावाचा केसपेपर काढा.